'रिसायटल' आणि 'कॉन्सर्ट' : एका निमंत्रणपत्रिकेवरून पडलेला प्रश्न

पत्रिकावाला

आमच्या शहरातील एका लहानशा संगीत मंडळाच्या निमंत्रणपत्रिकांचा मजकूर लिहून देण्याचे काम गेली सात-आठ वर्षे माझ्याकडे आहे. मानधन नाही, पण पहिल्या रांगेत बसायला मिळते, म्हणून मी ते आनंदाने करतो. पुढच्या महिन्यातील कार्यक्रमाची पत्रिका प्रथमच इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापायची ठरली असून इंग्रजी मजकूर कलाकारांकडूनच आला आहे. त्यात सबंध कार्यक्रमाला 'कॉन्सर्ट' म्हटले आहे आणि त्याखाली पूर्वार्धात 'व्होकल रिसायटल', उत्तरार्धात 'तबला रिसायटल' असे लिहिले आहे. म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात हे दोन शब्द निश्चितच वेगळे आहेत. माझ्याकडे मात्र दोन्हींसाठी 'कार्यक्रम' हा एकच शब्द उरतो.

शब्दकोश उघडला, तर 'रिसायटल'पुढे पठण, कथन, निवेदन असे अर्थ मिळाले. घाईघाईत कच्च्या मजकुरात मी 'गायन-पठण' असे लिहून पाठवले. छापखान्यात मजकूर जुळवणाऱ्या ताईंनी लगेच फोन करून विचारले, "काका, पारायण आहे का? मग वर 'श्री' टाकू का?" त्या दिवसापासून हा शब्द मनातून जात नाही. रिसायटल कशाला म्हणावे, कॉन्सर्ट कशाला म्हणावे, आणि पठण या अर्थाचा शब्द तबल्यापर्यंत पोहोचला तरी कसा, हे जाणकारांनी सांगावे. पत्रिका अजून छापायला गेलेली नाही.

खर्जातला

पत्रिकावाले, छापखान्यातील ताईंना पडलेला प्रश्न लंडनच्या लोकांना १८४० सालीच पडला होता, त्यामुळे आपण संकोच बाळगण्याचे कारण नाही.

फ्रान्झ लिस्ट हा हंगेरीत जन्मलेला, युरोपभर गाजलेला पियानोवादक त्या वर्षी लंडनला आला आणि ९ जून रोजी हॅनोव्हर स्क्वेअर रूम्स या सभागृहात त्याचे वादन झाले. त्याच्या जाहिरातीत 'पियानोवर रिसायटल्स' असे शब्द होते. तोवर इंग्रजीत रिसायटल म्हणजे तोंडाने म्हणून दाखवणे, मग ती कविता असो, एखादी हकीकत असो किंवा तक्रारींची यादी असो. पियानोवर कोणी पठण कसे करील, असे लोक एकमेकांना विचारू लागले. हा शब्द लिस्टला सुचवला तो फ्रेडरिक बील या लंडनच्या संगीतप्रकाशकाने, अशी आठवण बीलच्या मुलाने लिहून ठेवली आहे. आणखी एक बारकावा असा, की जाहिरातीत हा शब्द अनेकवचनी होता. त्या दुपारच्या प्रत्येक रचनेचे एकेक रिसायटल, असा त्याचा अर्थ. सबंध कार्यक्रमाला मिळून एकवचनी 'रिसायटल' म्हणण्याची रीत पुढे रुळली.

नव्या शब्दाची गरज का भासली, हे समजण्यासाठी त्या काळचे कॉन्सर्ट डोळ्यांपुढे आणावे लागेल. एखाद्या वादकाच्या नावाने कार्यक्रम जाहीर झाला, तरी त्यात एक-दोन गायक, जमल्यास वाद्यवृंद आणि मधूनमधून दुसरे वादक असत. एकाच माणसाने दीड-दोन तास लोकांना बसवून ठेवावे, ही कल्पनाच नवी होती. लिस्टने १८३९ साली रोममध्ये एकट्याने वादन करून पाहिले, तेव्हा त्याला स्वतःलाही त्यासाठी शब्द सापडत नव्हता. एका पत्रात त्याने या एकट्याच्या कार्यक्रमांना 'सांगीतिक स्वगते' म्हटले आणि 'राज्य म्हणजे मीच' असे म्हणाल्याचे ज्याच्याविषयी सांगतात, त्या फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या थाटात 'कॉन्सर्ट म्हणजे मीच' अशी स्वतःचीच थट्टाही केली. 'स्वगत' हा शब्द मला तरी 'रिसायटल'पेक्षा सरस वाटतो, पण तो टिकला नाही.

कॉन्सर्टचे कूळ इटालियन आहे. इटालियनमध्ये 'कॉन्चेर्तारे' म्हणजे आपसात जुळवून घेणे, एकमताने ठरवणे. लॅटिनमधील त्याच रूपाच्या क्रियापदाचा अर्थ मात्र झुंजणे, स्पर्धा करणे असा आहे. संगीतातील शब्द यांपैकी कोणत्या अर्थातून आला, यावर जुन्या पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली. जुगलबंदी ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना या वादाचे फारसे नवल वाटू नये, कारण एकाच वेळी झुंजणे आणि जुळवून घेणे आपण नेहमीच ऐकतो. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये अनेक वाद्यांच्या समूहाला 'कॉन्सॉर्ट' म्हणत आणि लिहिताना या दोन शब्दांची सर्रास सरमिसळ होई. महत्त्वाचे हे, की कॉन्सर्टमध्ये 'अनेकांनी मिळून' हा अर्थ मुळातच आहे आणि रिसायटलमध्ये 'एकाने म्हणून दाखवणे' हा.

पैसे देणाऱ्या कोणालाही आत सोडणाऱ्या जाहीर कॉन्सर्टचा आरंभ लंडनमध्येच झाला, असे मानतात. जॉन बॅनिस्टर या व्हायोलिनवादकाने १६७२ साली व्हाइटफ्रायर्स भागात आपल्या घरी एक शिलिंग प्रवेशमूल्य लावून असे कार्यक्रम सुरू केले. त्याहून मला थॉमस ब्रिटन अधिक आवडतो. हा कोळसाविक्रेता. दिवसा निळा डगला घालून रस्तोरस्ती कोळसा विकायचा आणि आठवड्यातून एकदा क्लार्कनवेलमधील आपल्या कोळशाच्या वखारीवरच्या लांबट, बुटक्या माडीवर संगीत ठेवायचा. बाहेरून शिडीवजा अरुंद जिना होता आणि त्यावरून उमराव मंडळीसुद्धा वर चढून येत. १६७८ पासून १७१४ साली मृत्यू येईपर्यंत त्याने हा क्रम मोडला नाही. पेठेतल्या वाड्याच्या माडीवर गाणी ऐकलेल्यांना ही जागा ओळखीची वाटेल.

पत्रिकावाला

खर्जातले, मनापासून आभार. परंतु आता नवीच अडचण उभी राहिली. गायिकेच्या मागे दोन तानपुरे असतील, उजवीकडे तबला, डावीकडे संवादिनी. माणसे मोजली तर पाच होतात. मग हे 'एकाने म्हणून दाखवणे' कसे? तबल्याच्या उत्तरार्धातही लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवणारी फिरती धून, धरायला संवादिनीवादक लागणारच.

पियानोच्या बाई

मी मुंबईत पियानो शिकवते, म्हणून या मुद्द्यावर थोडे लिहिते. माणसे मोजून रिसायटल ठरत नाही. कार्यक्रम कोणाच्या नावावर उभा आहे, यावर ते ठरते. व्हायोलिन रिसायटलमध्ये बहुधा पियानोची साथ असतेच आणि तो पियानोवादक सबंध वेळ मंचावर असतो, तरी पत्रिकेवर ते व्हायोलिनचेच रिसायटल राहते. जर्मन भाषेत शूबर्ट किंवा शूमान यांची गीते एक गायक आणि एक पियानोवादक मिळून सादर करतात, त्यालाही इंग्रजीत साँग रिसायटल म्हणतात. जर्मन लोक स्वतः मात्र त्याला 'लीडरआबेंड' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'गीतांची संध्याकाळ'. आपल्याकडच्या 'स्वरसंध्या' वगैरे नावांना आपण नाके मुरडतो, पण ती कल्पना केवळ आपलीच आहे असे नाही.

या हिशेबाने पाहिले, तर ख्यालगायन हे रिसायटलचे अगदी नेमके उदाहरण ठरते. चार वाद्यांची चौकडी वाजवत असेल आणि चौघांचा मान सारखा असेल, तर त्याला कॉन्सर्ट म्हणणे रूढ आहे. सिंफनी वाद्यवृंदाचा कार्यक्रम नेहमी कॉन्सर्टच. मुंबईतील एनसीपीए या कलासंस्थेच्या कार्यक्रमपत्रिका वर्षानुवर्षे पाहिल्यावर हा फरक आपोआप अंगवळणी पडतो; एकाच संस्थेच्या आवारात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आणि एकल पियानोवादक असे दोन्ही ऐकायला मिळतात.

तथापि हा नियम सर्वत्र चालवू नये. गिटार घेऊन एकटाच गायक पन्नास हजार लोकांपुढे मैदानात उभा राहिला, तरी त्याला कोणी रिसायटल म्हणणार नाही; तो कॉन्सर्टच. रिसायटल या शब्दाला मर्यादित जागेचा, शांत बसलेल्या श्रोत्यांचा आणि अभिजात परंपरेचा वास आहे. शिवाय त्याला परीक्षेचाही वास आहे. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांना बसणारी आमची मुले पदविकेच्या पातळीवर पोहोचली, की त्या परीक्षेच्या नावातच 'रिसायटल' येते आणि ती परीक्षकापुढे बंद खोलीत द्यायची असते. श्रोता एकच, आणि तोही गुण मांडणारा.

जाता जाता उच्चाराविषयी. आघात 'साय'वर आहे. 'रेसिटल' असा उच्चार ऐकू येतो, तो इंग्रजी नव्हे. फ्रेंचमध्ये 'रेसिताल' म्हणतात खरे, पण फ्रेंचांनी हा शब्द इंग्रजांकडूनच उचलला आहे.

बे एरियातून

परीक्षेचा वास म्हणालात, त्यावरून माझी फजिती सांगतो. मी गेली वीस वर्षे कॅलिफोर्नियात राहतो. आमच्या येथील काही मराठी कुटुंबांनी मिळून भारतातून आलेल्या एका ज्येष्ठ गायकांचे गाणे घरच्या दिवाणखान्यात ठेवले होते. शेजारच्या अमेरिकन बाईंना मी मोठ्या अगत्याने 'व्होकल रिसायटल'चे आमंत्रण दिले. त्यांनी हसून विचारले, "अरे वा, मुलगी कितवीत आहे तुमची?" गायक तेव्हा पासष्टीचे होते.

त्यांची चूक नव्हती. येथे रिसायटल म्हटले, की पहिल्यांदा डोळ्यांपुढे येतात ती वर्षाअखेरीला शिक्षकांनी मांडून ठेवलेली मुले. नवा सदरा, पॉलिश केलेले बूट, यादीप्रमाणे नाव पुकारल्यावर प्रत्येकाने पियानोपाशी जाऊन दीड मिनिटाची एक रचना वाजवायची, वाकून नमस्कार करायचा आणि परत खुर्चीवर बसायचे. मागे आईबापांचे फोन उंचावलेले. त्यात वीस-पंचवीस मुले असतात, तरी ते रिसायटलच, कॉन्सर्ट नव्हे. मूळ अर्थ येथे अधिक टिकला आहे असे मला वाटते, कारण प्रत्येक मूल पाठ केलेले म्हणूनच दाखवते. विद्यापीठात संगीताची पदवी घेणाऱ्यालाही शेवटच्या वर्षी असेच एक रिसायटल द्यावे लागते.

नृत्याच्या बाबतीत तर हा फरक फारच ठळक आहे. भारतातील पत्रिकांवर अत्यंत नामवंत नर्तिकेच्या कार्यक्रमाला 'भरतनाट्यम रिसायटल' लिहिलेले असते आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. अमेरिकेत 'डान्स रिसायटल' म्हणजे लहान मुलींचा वार्षिक कार्यक्रम, हा अर्थ इतका पक्का आहे, की व्यावसायिक नर्तकाला तो शब्द लावला तर त्याचा अपमान होईल. तेव्हा पत्रिका कोणत्या देशात वाटली जाणार, हेही पाहावे लागते. मी त्यानंतर सरसकट 'कॉन्सर्ट' लिहितो.

येथील वृद्ध मंडळींचा एक विनोदही ऐकण्यासारखा आहे. चार म्हातारे एकत्र जमून गुडघे, हृदय, पित्ताशय यांच्या तक्रारी सांगू लागले, की त्याला ते 'ऑर्गन रिसायटल' म्हणतात. ऑर्गन हे वाद्यही आणि शरीराचा अवयवही. संगीत नाटकांच्या ऑर्गनवर वाढलेल्या आमच्या वडिलांना हा विनोद इतका आवडला होता, की प्रत्येक फोनच्या आरंभी ते आधी विचारत, "ऑर्गन कसा आहे?"

दप्तरदार

मी वकिलीच्या क्षेत्रातील आहे, संगीताचा अधिकार नाही. एवढेच नोंदवतो, की आमच्याकडे रिसायटल हा शब्द रोज लागतो. इंग्रजी दस्तात आरंभी 'ज्याअर्थी अमुक मिळकत अमक्याच्या मालकीची आहे, ज्याअर्थी त्याने ती विकण्याचे ठरवले आहे' अशी जी कलमे ओळीने येतात, त्यांना रिसायटल्स म्हणतात. त्यांतून हक्क निर्माण होत नाहीत. मागची हकीकत फक्त सांगून ठेवलेली असते. म्हणजे आपल्या शब्दकोशाने आपल्याला फसवले नाही, पत्रिकावाले. त्याने आपल्याला कचेरीतला अर्थ दिला, गायनशाळेतला दिला नाही, इतकेच.

चेन्नईतला

दप्तरदारांनी 'कचेरी' हा शब्द काढला म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही. मी नोकरीनिमित्त चेन्नईला आलो त्या वर्षी, डिसेंबरात, कार्यालयातील एका तमिळ सहकाऱ्याने विचारले, "संध्याकाळी कच्चेरीला येता का?" मला वाटले, याचे काही जमिनीचे काम असावे आणि साक्षीदार हवा असावा. मी आधारपत्र घेऊन गेलो. कच्चेरी म्हणजे गाण्याचा कार्यक्रम, हे सभागृहाच्या दारात कळले.

कर्नाटक संगीतात आज जो कार्यक्रमाचा आकृतिबंध सर्वत्र दिसतो, त्याचे श्रेय अरियाकुडी रामानुज अय्यंगार यांना देतात. आरंभी वर्णम, मग कृती या नावाच्या बांधीव रचना, मध्यभागी विस्ताराने मांडलेली मुख्य रचना, तिच्या पोटात मृदंगवादकाचे 'तनि आवर्तनम', आणि शेवटी हलक्याफुलक्या रचना, ज्यांना ते 'तुक्कडा' म्हणतात. या तुक्कड्यांत पुष्कळदा मराठी अभंग येतो आणि परक्या गावी बसून तो ऐकताना काय होते, ते लिहिण्याची ही जागा नव्हे. इंग्रजी वृत्तपत्रांतील परीक्षणांत या सगळ्याला 'कॉन्सर्ट' म्हणतात. गायक एकच असला, तरी व्हायोलिन आणि मृदंग हे नुसते मागे नसतात. व्हायोलिनला आपला आलाप मिळतो, मृदंगाला आपले स्वतंत्र आवर्तन मिळते. पियानोच्या बाईंनी सांगितलेल्या 'कार्यक्रम कोणाच्या नावावर' या कसोटीला कच्चेरी पुरती उतरत नाही, आणि कदाचित म्हणूनच तेथे कॉन्सर्ट हा शब्द अधिक चपखल बसतो.

खर्जातला

हे सर्व वाचताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली, ती जरा विस्ताराने मांडतो, कारण पत्रिकावाल्यांच्या अडचणीचे मूळ तिच्यात आहे असे मला वाटते.

कॉन्सर्ट आणि रिसायटल हे दोन्ही शब्द मंचावरच्या माणसांकडे पाहून केलेले आहेत. ती माणसे मिळून वाजवतात, की एकटा माणूस म्हणून दाखवतो, हा त्यांतला भेद. आता आपले शब्द पाहा. मैफल अरबीतून फारसी-उर्दूमार्गे आली. तिच्या धातूचा अर्थ गोळा होणे, जमणे. जलसाही अरबी, आणि त्याचा धातू बसणे या अर्थाचा. मजलीस त्याच धातूपासून निघालेली. बैठक तर उघडच आहे. १८७४ साली स्थापन झालेल्या पूना गायन समाजाच्या नावातील 'समाज'सुद्धा जमलेल्यांचाच. यांतल्या एकाही शब्दाला मंचावर एक आहे की दहा आहेत, याच्याशी कर्तव्य नाही. हे शब्द समोर बसलेल्यांवरून केलेले आहेत. म्हणून रिसायटलला मराठी शब्द शोधू लागलो, की आपण ज्या जागी तो शोधतो त्या जागी मराठीने शब्द ठेवलेलाच नसतो.

क्रियापदांनी हा फरक आणखी उघड होतो. मैफल जमते, रंगते, चढते, मोडते. गायक मैफल मारतो. पहाटे ती भैरवीने संपते. यांपैकी एकही क्रियापद रिसायटलला लावून पाहा. 'रिसायटल जमले' असे म्हणवत नाही, कारण रिसायटल 'होते' किंवा 'दिले जाते'. उलट, मैफल कोणी 'देत' नाही. अलीकडे 'मैफल सादर केली' असे छापून येऊ लागले आहे आणि ते मला फार खटकते. सादर करायचे ते गाणे. मैफल सादर कशी करणार, तिच्यात तर आपणही आहोत.

गंमत अशी, की लिस्टचे ते लंडनचे रिसायटल आजच्या अर्थाने रिसायटलसारखे नव्हतेच. बाके अशा रीतीने मांडलेली होती, की मधून चालायला मोकळी जागा राहावी, आणि एक रचना संपली की लिस्ट मंचावरून खाली उतरून श्रोत्यांमध्ये फिरे, ओळखीच्यांशी गप्पा मारी आणि परत जाऊन वाजवू लागे. ज्या कार्यक्रमाने इंग्रजीला रिसायटल हा शब्द दिला, तो स्वतः बराचसा बैठकीच्या अंगाचा होता.

जलसा हा शब्द मात्र आपण हातचा घालवला. शंभर वर्षांपूर्वी गवयाच्या जाहीर, तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला सर्रास गाण्याचा जलसा म्हणत. पुढे सत्यशोधक जलशांनी आणि त्यानंतर आंबेडकरी जलशांनी त्या शब्दाला प्रबोधनाचा वेगळा आणि मोठा अर्थ दिला, आणि ख्यालगायनाच्या पत्रिकांवरून तो हळूहळू दिसेनासा झाला. मला तो आजही कॉन्सर्टसाठी सर्वांत योग्य वाटतो.

ढोलकीचा नाद

सर्व चर्चा दिवाणखान्यातली आणि सभागृहातली चालली आहे, म्हणून थोडी तंबूकडची भर घालतो. इंग्रजीत या दोन शब्दांशिवाय 'गिग' हा तिसरा शब्द आहे. जाझ वादकांच्या बोलीत तो १९२० च्या दशकात रूढ झाला, त्याची व्युत्पत्ती कोणालाच नक्की सांगता आलेली नाही, आणि त्याचा अर्थ एका रात्रीपुरते, ठरलेल्या पैशांवर मिळालेले वाजवण्याचे काम. मराठी वृत्तपत्रांत आपण तो उलट्या दिशेने शिकलो. घरपोच जेवण पोहोचवणारा 'गिग कामगार' आपल्याला आधी भेटला, संगीतातला गिग नंतर.

पण या अर्थाचा शब्द मराठीला नवा नव्हता. तमाशाच्या फडाला, बँडला, गोंधळ्यांना जत्रेचे किंवा लग्नाचे काम ठरते, तेव्हा 'सुपारी मिळाली' म्हणतात. जत्रांच्या हंगामाआधी नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पुढारी आणि जत्रा कमिटीचे लोक राहुट्यांतून फिरतात. फडमालक लाकडी पेटीमागे बसलेला, मागे रंगवलेला फलक, पुढ्यात तारखांची वही. तिथी सांगायची, गाव सांगायचे, रकमेवरून घासाघीस करायची आणि आगाऊ रक्कम हातावर ठेवायची. तीच सुपारी. हा शब्द कार्यक्रमाचे नाव मंचावरून करत नाही आणि श्रोत्यांवरूनही करत नाही. तो व्यवहारावरून करतो. गिगही नेमके तेच करतो. चित्रपटांनी आणि गुन्हेवार्तांनी सुपारी हा शब्द इतका रक्ताने माखला, की आता कलाकार तो चारचौघांत उच्चारायला कचरतात. गवयाला जे मिळते ती बिदागी. तो शब्द अजून स्वच्छ आहे.

नाट्यपदवाला

दोन छोट्या नोंदी. कॉन्सर्ट झाली, की झाला? माझ्या घरात मुलगी 'कॉन्सर्ट भारी झाली' म्हणते, मी 'झाला' म्हणतो. तिच्या मनात मैफल असावी, माझ्या मनात कार्यक्रम किंवा जलसा. रिसायटल मात्र आम्हा दोघांच्याही तोंडी नपुंसकलिंगी येते, बहुधा गाण्यामुळे.

दुसरे असे, की पद पुन्हा म्हणावे म्हणून इंग्रज प्रेक्षक 'एन्कोर' असे फ्रेंचमध्ये ओरडतात, फ्रेंच प्रेक्षक 'बिस' असे लॅटिनमध्ये ओरडतात, आणि संगीत नाटकाचा मराठी प्रेक्षक 'वन्स मोअर' असे इंग्रजीत ओरडत आला. दाद द्यायला परकी भाषाच लागते की काय, कोण जाणे.

तबल्याचा विद्यार्थी

मूळ प्रश्नातील एक भाग तसाच राहिला आहे: पठण या अर्थाचा शब्द तबल्यापर्यंत कसा पोहोचला? मला वाटते, सर्व वाद्यांमध्ये तबल्यालाच तो शब्दशः लागू पडतो.

एकल तबल्याला मराठीत 'स्वतंत्र तबलावादन' म्हणतात आणि पत्रिकेवर तेच लिहावे, कारण ते साथीच्या तबल्यापासून वेगळे पडते. त्यात पेशकार, कायदे, रेले हे विस्ताराचे प्रकार झाल्यावर गती, तुकडे, चक्रदार अशा बांधलेल्या रचना वाजवण्याआधी वादक हात तबल्यावरून उचलतो, टाळी-खाली दाखवत तीच रचना आधी तोंडाने म्हणतो आणि मग वाजवतो. याला आम्ही पढंत म्हणतो. माझे गुरुजी पहिली सहा महिने तबल्याला हातच लावू देत नसत. 'धा ती ट धा, ती ट धा धा, ती ट धा गे, ती ना की ना' हा दिल्लीचा कायदा मांडीवर ताल धरून इतक्यांदा म्हणायचा, की झोपेत विचारले तरी चुकू नये. ते म्हणत, "जे तोंडातून स्वच्छ निघत नाही, ते बोटांतून निघणार नाही." पढंत हा शब्द आणि आपले पठण हे एकाच धातूचे. म्हणजे लंडनच्या लोकांना १८४० साली जे अशक्य वाटले, ते आमच्याकडे मंचावर रोज घडते. आधी पठण, मग वादन. 'पियानो रिसायटल'पेक्षा 'तबला रिसायटल' हाच शब्दप्रयोग अधिक खरा आहे, आणि तो करणाऱ्याला बहुधा हे ठाऊकही नसते.

पत्रिकावाले, तुमच्या उत्तरार्धात पढंत होणार असेल, तर ध्वनिव्यवस्थेवाल्यांना वादकाच्या तोंडापुढे वेगळा माइक ठेवायला सांगा. हे बहुतेक ठिकाणी विसरतात आणि मग मागच्या रांगांना नुसता हाताचा ताल दिसतो.

पत्रिकावाला

कार्यक्रम कालच पार पडला, म्हणून या धाग्यावर परत आलो. पत्रिकेच्या मराठी बाजूवर अखेर वर 'गाण्याचा जलसा' असे मोठ्या अक्षरांत, आणि खाली 'गायन' व 'स्वतंत्र तबलावादन' असे साधेच छापले. खर्जातल्यांचा जलसा काही सभासदांना जुनाट वाटला, एकाने तर "सत्यनारायण आणि जलसा एकाच वयाचे" असा शेरा मारला, पण छापून आल्यावर तो शब्द पत्रिकेवर शोभून दिसला. रिसायटलसाठी स्वतंत्र मराठी शब्द मी दिला नाही. कलाकाराच्या नावापुढे 'गायन' लिहिले, की एकट्याचे म्हणून दाखवणे त्यात आलेच. निवेदिकेने मात्र मंचावरून तिन्ही वेळा 'रिसायटल'च म्हटले, आणि तिसऱ्या वेळी 'रेसिटल' म्हटले.

माइकची सूचना बहुमोल ठरली. तबलावादकांनी एक चक्रदार आधी म्हणून दाखवला, तेव्हा शेवटच्या 'धा'ला सबंध सभागृहाने त्यांच्याबरोबर मान खाली आणली, आणि मग तोच हातातून निघाला.

मध्यंतरात माझ्या शेजारच्या आजोबांचा फोन वाजला. पत्रिका त्यांच्या मांडीवर उलटी, इंग्रजी बाजू वर करून ठेवलेली होती. कॉन्सर्ट आणि रिसायटल दोन्ही शब्द अगदी समोर दिसत होते. पलीकडून कोणी तरी विचारले असावे, कोठे आहात. तोंडावर हात धरून ते हळूच म्हणाले, "अगं, गाण्याला बसलोय."